आठ मुक्या मात्रा

अहमदनगर, १४ नोव्हेंबर १९४३

कमरुद्दीन मास्तर,

वर 'साष्टांग' लिहिलं, खोडलं. 'सप्रेम' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी नुसतं नाव ठेवलंय. दहा महिने गप्प बसलेल्या माणसाने पत्राला मायना काय घालावा, हे आमच्या कोर्टाच्या कुठल्याच नमुन्यात सापडलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कज्ज्यांच्या नकला उतरवणारा मी नकलनवीस, पण स्वतःचं काही लिहायचं म्हटलं की असा अडखळतो.

तुमचा पत्ता केडगावच्या छगन शिंप्याने दिला. तुम्ही जावयाकडे भंडारदऱ्याला, शेंडीत आहात, तिथे थंडी फार आणि इमामबी चाचींचे गुडघे धरलेत, एवढं त्याला ठाऊक. तुम्ही वाजवता की नाही, हे मात्र त्याला सांगता आलं नाही.

इकडचं सांगतो. आपलं मेंडोलिन मंडळ आता पाच जणांवर आलंय. लढाईमुळे तारा मिळत नाहीत. छगनने सायकलच्या ब्रेकची तार उलगडून लावली, तर असा आवाज निघाला की शेजारच्या म्हशीने रवंथ थांबवला. कापडबाजारातल्या तुमच्या घड्याळाच्या दुकानाला कुलूप आहे, तरी माणसं दारापाशी रेंगाळतात. परवा पाथर्डीहून एक शाळामास्तर आले होते. "इथं मेंडोलिनवर वाजवायच्या गती मागेल त्याला लिहून देतात म्हणे," असं बाजारभर विचारत फिरत होते. मी त्यांना घरी नेलं, चहा दिला आणि तुमच्या दोन गती उतरवून दिल्या. ते म्हणाले, "याचं काय द्यायचं?" मी तुमचाच नियम सांगितला: उद्या त्यांच्याकडे कोणी मागायला आला की त्याला नाही म्हणायचं नाही, एवढंच द्यायचं. गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले.

मलाही पहिल्यांदा असंच झालं होतं, मास्तर. मुक्या सिनेमाच्या पडद्यापुढे बसून वाजवणारा माणूस तुम्ही. बोलपट आला आणि तुमची खुर्ची गेली. दुसरा असता तर नशिबाला शिव्या देत बसला असता. तुम्ही घड्याळं उघडायला शिकलात, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की सिनेमाच्या जुन्या जाहिरातींच्या पाठीवर पाच-पाच, दहा-दहा मेंडोलिनांसाठी गती लिहायला लागलात. पुण्याचा तो वाद्यांचा दुकानदार तुमच्या गती छापायला आला होता. अट एवढीच, की फुकट वाटणं बंद करायचं. तुम्ही त्याचं घड्याळ नीट करून दिलंत आणि त्याला स्टेशनावर सोडून आलात. आज जिल्ह्यातल्या एकवीस गावांत तुमच्या गती वाजतात. मी मोजलंय.

संक्रांतीच्या जलशाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण लोक अजून विचारतात. मी सांगतो, चूक कागदात होती, मास्तरांनी स्वतः स्टेजवर उभं राहून तसं कबूल केलं. तुम्ही म्हणालात म्हणूनच मी म्हणतो.

पाच जणांना पुरेल अशी एखादी नवी गत असेल तर पाठवावी.

नृसिंह खरवंडीकर


अहमदनगर, २ जानेवारी १९४४

मास्तर,

माझ्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. आलं ते जावईबापूंचं, महमूदमियांचं कार्ड. चारच ओळी, पण त्या वाचून मला कोर्टात धड काम सुचेना. ते लिहितात, "मामा वाद्याला हात लावत नाहीत. रोज दुपारी जुन्या गतींचे कागद काढतात, एकेक मात्रा बोटाने मोजतात आणि म्हणतात, एवढी मोठी चूक माझ्या हातून झाली आणि मला दिसली नाही, मग आणखी कुठे कुठे झाली असेल? डोळे गेले, डोकंही गेलं."

हे काय मांडलंय तुम्ही? एक जलसा फसला म्हणून कोणी दहा-बारा वर्षांचं काम असं चाळणीत घालतं का?

आणि झालं होतं तरी काय? तुमची हौस अशी, की 'मुळाकाठ' ही गत नगर आणि राहुरी या दोन मंडळांनी मिळून वाजवायची. राहुरीच्या मुलींच्या शाळेतल्या रतनबाई, त्यांच्या अकरा मुली आणि आपण सात. गाड्यांना लष्कराची गर्दी, सर्व्हिस मोटारी कोळशावर रडतखडत चालतात. अकरा मुलींना तालमीला आणणार कोण? तुम्ही म्हणालात, तालीम नकोच. कागद बरोबर असला की राहुरी तिकडे बसवेल, नगर इकडे बसवेल, आणि थेट जलशाच्या दिवशी दोन्ही मंडळं एक होऊन वाजतील. मुंबईचे बँडवालेही असं करायला धजणार नाहीत, असं मी तेव्हा म्हणालो होतो. मनापासून म्हणालो होतो.

आणि मग ते झालं. अर्ध्यावर राहुरीच्या मुली एक आवर्तन आधीच शिरल्या. आपण एकीकडे, त्या एकीकडे. थिएटरात आधी कुजबुज, मग हशा. रतनबाई मान खाली घालून मुलींना घेऊन आत गेल्या. तुम्ही पुढे आलात आणि म्हणालात, "पोरींचा दोष न्हाई. लिहिणारा मी. चूक माझी हाय." त्या दिवशी तुमच्याएवढा मोठा माणूस मी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

आता एक सांगतो. राहुरीचे कागद मीच उतरवले होते. कदाचित नक्कल करताना माझाच हात चुकला असेल. दिवसाला चाळीस पानं लिहिणाऱ्याचं होतं असं कधीकधी. तेव्हा सगळं खापर स्वतःच्या डोळ्यांवर फोडून घेऊ नका. मूळ कागद शोधतो आहे. सापडला की कळवतो.

नृसिंह


अहमदनगर, ३० जानेवारी १९४४

मास्तर,

आज सकाळी छगन आला. हातात तुमचं कार्ड होतं. राहुरी, नेवासे, संगमनेर, सगळीकडे तुम्ही तशी कार्डं टाकली आहेत म्हणे: 'माझ्या गतींत चुका असाव्यात. त्या वाजवून कोणाचं हसं होऊ नये. कागद जाळून टाकावेत.'

छगन दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "नरसूभाऊ, म्या न्हाई जाळणार. माझ्या बापानं मला मशीन दिली आन् मास्तरांनी हे दिलं. दोनच गोष्टी हायेत माझ्याकडं. तुमी मास्तरांला लिवा. तुमचं अक्षर लई चांगलं हाय, तुमचं ऐकतील ते."

माझं अक्षर चांगलं आहे, मास्तर. त्याच अक्षराने आता लिहितो.

मूळ कागद हरवलेला नव्हता. जलशाच्या दिवसापासून तो माझ्या ट्रंकेत, मुंजीतल्या उपरण्याखाली आहे. सोबत पाठवतो. उन्हात धरून बघा. दुसऱ्या पानावर, तिसऱ्या ओळीत, राहुरीच्या दोन्ही हिश्श्यांना तुम्ही आठ शून्यं घातली आहेत. मुक्या मात्रेला शून्य, ही तुमची खूण. आठच्या आठ, गोल, ठसठशीत. तुम्ही काहीही विसरला नव्हता.

ती मी गाळली. हात चुकला म्हणून नाही. गेल्या पत्रात मी 'कदाचित' लिहिलं, ते खोटं. मी ती शून्यं पाहिली, टाक दौतीत बुडवला आणि पुढच्या सुरावर गेलो. अकरा प्रतींत, अकरा वेळा. मला माहीत होतं की राहुरीला एकट्याने वाजवताना काही कळणार नाही. चूक उघडी पडेल ती चारशे माणसांसमोर.

का केलं, ते सांगायला लाज वाटते. सहा वर्षं मी मंडळात पहिला मेंडोलिन वाजवला. 'मुळाकाठ'मध्ये तुम्ही पहिला आणि दुसरा हिस्सा राहुरीला दिलात आणि मला तिसऱ्यावर बसवलंत. तिसरा म्हणजे नुसती ठुणठुण. काल वाद्य हातात धरलेल्या पोरी पुढे, आणि मी मागे? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रतनबाईंची एकदा फजिती व्हावी, एवढंच मला हवं होतं. तुम्ही पुढे येऊन ते सगळं स्वतःच्या डोक्यावर घ्याल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. असायला हवं होतं. इतकी वर्षं तुमच्याजवळ बसून मी तुम्हाला एवढंही ओळखलं नाही.

आणि याहून वाईट पुढेच आहे. स्टेजच्या पायऱ्यांवर तुम्ही मला विचारलंत, "नरसू, असल कागदात शून्यं हुती का रे?" मी म्हणालो, "नव्हती, मास्तर." तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "मग नजर गेली माझी." तेव्हाही बोललो असतो तर दहा लोकांत माझी अब्रू गेली असती, एवढंच. मी माझी अब्रू राखली आणि तुमची नजर घालवली.

कोर्टात मी रोज नकलेखाली 'खरी नक्कल' असं लिहून सही करतो. वर्षभर ते दोन शब्द लिहिताना टाक अडतो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

गती जाळू नका म्हणून सगळ्यांना कळवा. तुमचे डोळे शाबूत आहेत. डोकंही शाबूत आहे. फक्त माणूस चुकीचा पारखलात.

नृसिंह


अहमदनगर, २० फेब्रुवारी १९४४

मास्तर,

तुमच्याकडून काही आलं नाही. यायला हवं, असं म्हणायची माझी छाती नाही. पण मी रविवारी राहुरीला गेलो होतो, ते तुम्हाला कळवणं भाग आहे.

मनमाडच्या गाडीत उभ्याने गेलो. सोबत वाद्य आणि, मूळ कागद तुम्हाला पाठवण्याआधी उतरवून घेतलेल्या, 'मुळाकाठ'च्या अकरा नव्या प्रती. वाटेत मनातल्या मनात एक छानसं भाषण तयार केलं होतं. रतनबाई शाळेच्या ओसरीवर वह्या तपासत होत्या. त्यांना पाहिलं आणि भाषण विसरलो. जसं आठवलं तसं सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग लाल पेन्सिल खाली ठेवली.

"मी वाद्य बंद केलं त्या दिवसापासून," त्या म्हणाल्या. "मुली वर्षभर विचारतात, बाई, आपण कुठे चुकलो? मी म्हणते, आपला सराव कमी पडला. खोटंच सांगत होते की मी त्यांना, खरवंडीकर."

"तुम्हाला कसं कळणार होतं, बाई?"

"मला नाही, पण तुम्हाला माहीत होतं. आता चला आणि हे त्यांना तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, बाई, तुम्हीच सांगा ना. त्या उठल्याच. मला वर्गात नेऊन फळ्यासमोर उभं केलं, निरोप धाडून मुली गोळा केल्या आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मास्तर, न्यायाधीशापुढे उभ्या राहिलेल्या आरोपींच्या शेकडो जबान्या मी उतरवल्या आहेत, पण पिंजऱ्यात उभं राहणं काय असतं ते रविवारी कळलं. मी सांगितलं. मग लीना नावाची एक मुलगी, जलशात पहिल्या हिश्श्याला जी डाव्या टोकाला होती ना, ती उभी राहिली. तिने मला एक शब्दही विचारला नाही. मागे वळून ती म्हणाली, "म्हणजे बाई, आपण बरोबरच वाजवलं होतं?"

रतनबाई म्हणाल्या, "हो. एकही सूर चुकला नव्हता." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मला वाटलं आता आपण निघावं. तर बाई म्हणाल्या, वाद्य आणलंय ना, मग बसा. मुलींनी कपाटातून मेंडोलिन काढले. निम्म्या तारा गंजलेल्या. जुळवायलाच तास गेला. मग नव्या कागदावरून 'मुळाकाठ' सुरू झाली. त्या पहिल्या आणि दुसऱ्यावर, मी एकटा तिसऱ्यावर.

ती आठ शून्यं आली. अकरा मेंडोलिन एकदम थांबले. वर्गात फक्त माझं वाजत होतं.

मास्तर, त्या जागी मला तुम्ही आठच साधे सूर दिलेत. उतरवताना काय, तालमीत वाजवतानाही मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. मला वाटलं, राहुरीच्या मुलींना दम घ्यायला तुम्ही जागा ठेवली आहे. रविवारी कळलं की ती त्यांच्यासाठी नव्हतीच. सबंध गतभर जो मागे बसून ठुणठुण करतो, त्याचं एवढं एकदा तरी सगळ्यांनी ऐकावं, म्हणून तुम्ही अकरा जणींना गप्प बसवलं होतं आणि आपल्या बाकीच्यांना नुसता खर्ज धरायला लावला होता. आणि तिसऱ्यावर तुम्ही मला बसवलं होतं. त्या आठ मात्रा माझ्या होत्या. रतनबाईंची फजिती करायला गेलो आणि तुम्ही मला दिलेलंच मी स्वतःच्या हाताने गाळलं.

वाजवता वाजवता माझा ताल सुटला. मुली थांबल्या नाहीत. बरोबर नवव्या मात्रेला त्या शिरल्या आणि मलाही ओढून पुढे नेलं.

तुमच्या गती मी इतकी वर्षं नुसत्या उतरवत होतो. वाचली एकही नव्हती. आता घरी एकेक काढून बसतो. प्रत्येकीत कुठे ना कुठे असं एखादं स्थळ आहे. 'चांदबीबीचा महाल' या गतीत आपल्या मंडळातल्या खर्जावरच्या बन्सीला दिलेलं, 'पाटाचं पाणी'मध्ये छगनला. बन्सीची बोटं जाड, म्हणून त्याला लांब सूर. छगनला घाई फार, म्हणून त्याच्या आधी चार शून्यं. एवढं बारीक बघून कोणी कोणासाठी काही केल्याचं मी पाहिलेलं नाही. आणि हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. लिहिलंत आणि वाटून टाकलंत.

मी दोन गोष्टी मागतो. एक, माफी. दुसरी, नवी गत. दोन्ही एकाच कागदावर मागणं बरं दिसत नाही, पण दोन्ही हव्या आहेत. एकच देता येत असेल तर कुठली, ते तुम्ही ठरवा.

नृसिंह


शेंडी, भंडारदरा, १९ मार्च १९४४

नरसू,

'नृसिंहराव' आणि 'तुम्ही' लिहून सुरुवात केली होती. महमूदने वाचून दाखवलं तर इमामबीने कागद ओढून घेतला. म्हणाली, "गुस्सा करो, पराया नक्को करो." म्हणून हा दुसरा कागद.

मूळ प्रत पोचली. अंगणात उन्हात धरून पाहिली. आठ शून्यं आहेत. माझा माझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून महमूदला मोजायला लावली. मग इमामबीला. तिला अक्षर येत नाही, पण गोल काढलेलं दिसतं. तिनेही आठच मोजली. त्या दिवशी किती महिन्यांनी मी दोन भाकरी खाल्ल्या.

जेवण झाल्यावर राग आला. तो अजून आहे. चौदा महिने, नरसू. इथल्या धरणाच्या साहेबाने आपलं घड्याळ दुरुस्तीला पाठवलं होतं. मी ते न उघडता परत केलं. वाटलं, ज्याला आपली आठ शून्यं दिसत नाहीत त्याने दुसऱ्याच्या घड्याळाला हात लावू नये. तू तिकडे कोर्टात बसून लोकांना खऱ्या नकला देत होतास. एक कार्ड टाकलं असतंस तर पुरे होतं. पहिल्यावर बसायचं होतं तर तसं तोंडाने सांगायचं. मी बसवलं असतं. सहा वर्षांत तू कधी काही मागितलंच नाहीस, मला वाटलं तू सुखी आहेस.

राहुरीचं तू लिहिलंस, ते रतनबाईंनीही कळवलं. त्या लिहितात की तू आठ मात्रा वाजवताना रडत होतास. तू 'ताल सुटला' एवढंच लिहिलंस. असू दे.

एकवीसही गावांना मी पुन्हा कार्डं टाकली आहेत, की जाळू नका. नेवाशाहून उत्तर आलं, 'जाळणार कोण होतं?'

साहेबाचं घड्याळ मागवून घेतलं आणि नीट केलं. ते झाल्यावर पाच जणांसाठी एक गत लिहिली. सोबत आहे. बावीस प्रती कर. पहिली राहुरीला, मग बाकीच्या गावांना, आणि पाथर्डीच्या त्या मास्तरांना विसरू नकोस. मी त्या तपासायला मागणार नाही. तुझ्यावर विश्वास बसला म्हणून पाठवतो, असं समजू नकोस. तू मागितलीस म्हणून पाठवतो. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. तुझ्या एकट्यासाठी मी तो नियम मोडणार नाही.

तू दोन गोष्टी मागितल्या होत्यास. गत सोबत आहे. माफी अजून झालेली नाही. ओढूनताणून लिहिली तर ती बेसूर होईल.

कमरुद्दीन